गहाण पडलेला मुलूख आणि कर्जातला गडी

गेल्या पोळ्याच्या आधी चार दिवस आमच्या कॉलेजातला एक जुना विद्यार्थी घरी आला. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला त्याने शिक्षण सोडले होते. वडिलांच्या आजारपणात घर बसले, आणि हा पोरगा बायकोला घेऊन ऊसतोडीला जाऊ लागला. वय चोवीस. ओसरीवर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "सर, औंदा मुकादम लाख रुपये उचल देतोय. घेऊ का नको?"

मी इतिहास शिकवणारा माणूस. सन-सनावळी विचारली असती तर चटकन सांगितली असती. पण याचा प्रश्न ऐकला आणि लक्षात आले की, याचे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातच पडलेले आहे. आपण ते कधी त्या नजरेने वाचले नाही, एवढेच. म्हणून आजचे हे बोलणे.

पुष्कळांना ठाऊक नसेल, पण आपला हा सबंध मुलूखच एकदा कर्जापायी गहाण पडला होता. हैदराबादच्या निजामाच्या नावाने 'कंटिंजंट' म्हणून एक फौज होती. फौज निजामाच्या खर्चाची, हुकूम इंग्रजांचा. तिचा पगार थकला की इंग्रज आपल्या खजिन्यातून भरीत आणि निजामाच्या खात्यावर मांडीत. बाकी वाढत गेली. शेवटी २१ मे १८५३ रोजी तह झाला आणि वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि आपला हा धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली करण्यात आला. मेडोज टेलर नावाचा अधिकारी नळदुर्गला येऊन राहिला आणि १८५७ पर्यंत त्याने इथला कारभार पाहिला. नळदुर्गचा किल्ला पाहायला मुलांना नेता ना, गुरुजी? पाणीमहाल दाखवून झाला की हीही गोष्ट त्यांना सांगा.

पुढे १८६० साली नवा तह झाला. पन्नास लाखांचे कर्ज इंग्रजांनी सोडून दिले, आणि आपला जिल्हा व रायचूरचा दुआब निजामाला परत मिळाला. पण वऱ्हाड? ते फौजेच्या खर्चासाठी म्हणून ठेवून घेतले. म्हणजे कर्ज मिटले, पण गहाण काही सुटले नाही. सालारजंगासारखा कर्तबगार दिवाण वऱ्हाड मागून मागून थकला. त्यासाठी तो १८७६ साली विलायतेपर्यंत जाऊन आला. काही झाले नाही. आणि १९०२ साली कर्झनने सालाला पंचवीस लाखांच्या खंडावर वऱ्हाड कायमचे पट्ट्याने लिहून घेतले.

हे मी विद्यार्थ्याला सांगितले तेव्हा तो हसला. म्हणाला, "म्हंजे निजामाला पण मुकादम भेटला होता." मी म्हणालो, अगदी तसेच. चाकरी एकाने ठरवायची, हिशेब त्यानेच लिहायचा, आणि बाकी किती तेही त्यानेच सांगायचे. राजाचे जिथे चालले नाही, तिथे गड्याचे काय चालणार?

आता गड्याकडे वळू. आपल्याकडे साल धरायची रीत जुनी. गुढीपाडव्याला साल सुरू, पुढच्या पाडव्याला संपले. सालगड्याने मालकाच्या वाड्यावर बैलांपासून पाण्यापर्यंत सगळे पाहायचे. मोबदला म्हणून काही धान्य, काही कापड, काही रोकड. रोकड बहुतेक आगाऊच उचललेली असे, कारण घरात लग्न निघालेले असते किंवा कुणी अंथरुणाला खिळलेले असते. आजारी पडला, खाडा झाला की तो अंगावर लागे. कुठे कुठे एका खाड्याला दोन दिवस धरीत. पाडवा आला की मालक वही काढी आणि म्हणे, "बाबा, तुझ्याकडंच निघतंय." साल फिटले नाही म्हणून दुसरे साल. बाप गेला तर पोरगा. तेलंगणाच्या बाजूला अशाच गड्याला 'भगेला' म्हणत, आणि हा प्रकार इतका माजला होता की निजाम सरकारला स्वातंत्र्यापूर्वीच भगेल्यांच्या करारांवर कायदा करावा लागला. कायदा झाला, पण गड्याला तो वाचता येत नव्हता. दरबारची भाषा उर्दू, सावकाराची वही मोडीत, आणि गडी बोलणार मराठीत.

त्यात नाण्यांचा घोळ. निजामाचा रुपया हाली, इंग्रजांचा कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. आपला जिल्हा सरहद्दीवरचा. बार्शी इंग्रज हद्दीत, येडशी निजाम हद्दीत. सत्तर रुपये हाली घेतले आणि सत्तर रुपये कलदार फेडले, तर वरचे दहा कलदार कुठे गेले हे गड्याला कळायलाही मार्ग नव्हता. ज्याला दोन्ही नाण्यांचा भाव ठाऊक, त्याचाच फायदा.

कर्ज नसूनही बांधलेली माणसे होती, त्यांचाही उल्लेख केला पाहिजे. महार-मांग वतनदारांना वतनापायी गावाची पडेल ती कामे पिढ्यान्‌पिढ्या करावी लागत. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. त्या गावात आजही लोक ते दिवस अभिमानाने सांगतात. कधी न घेतलेले देणे जन्मभर फेडत राहायचे, ही गोष्ट त्या काळी किती घरांत होती याचा विचार केला म्हणजे परिषदेचे मोल कळते.

सरहद्दीचे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरला. बारकाईने पाहण्यासारखे हे की, बहुतेक ठिकाणी लोकांनी माणसांच्या जिवाला हात लावला नाही. त्यांनी मागितले ते कागद. खते, रोखे, हुकूमनामे बाहेर काढले आणि जाळले. आपल्या गळ्याला फास आहे तो कागदाचा, हे अडाणी म्हणवणाऱ्या माणसाने नेमके ओळखले होते.

त्या दंग्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. रोख्यावर दोनशे लिहिले आहेत म्हणून कोर्टाने दोनशे धरून चालायचे नाही. मुळात किती दिले, व्याज किती धरले, मधे किती आले, हा सगळा इतिहास पहिल्यापासून उलगडायचा आणि मग खरे देणे ठरवायचे. हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. म्हणजे बार्शीच्या कुणब्याला तो मिळाला, आणि चार कोसांवरच्या आपल्या कुणब्याला मिळाला नाही. एकच भाषा, एकच ज्वारी, एकच सावकार कदाचित. मधे फक्त हद्दीचा दगड. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा हैदराबादचा कायदा आला तो १९५६ साली, आणि त्याच वर्षी ते राज्यच विसर्जित झाले.

गाव सोडून गिरणीत गेलेल्यांचे काय झाले म्हणाल, तर सोलापूरची जुनी गिरणी १८७७ ची. आपल्या भागातली पुष्कळ घरे तिकडे गेली. रोख पगार मिळू लागला, आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात काठी घेऊन उभा राहणारा सावकारही मिळाला. १९३१ साली कामगारांविषयीच्या शाही आयोगाचा अहवाल आला, आपले ना. म. जोशी त्या आयोगावर होते. बहुतेक औद्योगिक शहरांत कामगारांची निदान दोन-तृतीयांश कुटुंबे कर्जात, आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त, असे त्यांना आढळले. रुपयाला महिन्याला एक आणा हा व्याजाचा नेहमीचा दर होता. शेकडा पंचाहत्तर झाले की नाही सालाला?

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी फक्त पुस्तकातले बोलतो असे वाटायला नको. १९७५ साली महाराष्ट्र सरकारने कर्जमुक्तीचा कायदा केला. अल्पभूधारक, गावचे कारागीर, शेतमजूर, कमी पगाराचे कामगार यांची सावकारी कर्जे रद्द. गहाण पडलेला जिन्नस सावकाराने परत द्यायचा. सावकार वरच्या कोर्टात गेले, पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. माझे आजोबा सालगडी होते. आजीचे चांदीचे गोठ एका सावकाराकडे होते. आजोबांनी तहसिलीत जायचे, एक अर्ज द्यायचा, एवढेच काम. ते गेले नाहीत. आजी शेवटपर्यंत विचारी, "का गेला नाहीत?" आणि ते एवढेच म्हणत, "पुढच्या साली पेरणीला त्याच्याच दारात जायचंय." गोठ गेले ते गेले. लहानपणी मला आजोबांचा राग येई. आता येत नाही. कायद्याने जुने कर्ज बुडवले, पण नवी अडचण कोण भागवणार ते कायद्यात लिहिलेले नव्हते. १९५१-५२ साली देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी झाली, तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा तीनच्या आसपास आणि सावकारांचा सत्तरच्या आसपास निघाला होता. नंतर सोसायट्या वाढल्या, हे खरे. पण सोसायटीला सात-बारा लागतो. आजोबांच्या नावावर काय होते? दोन हात.

त्या दोन हातांना पहिल्यांदा किंमत आली ती दुष्काळात, हे नशिबाचे उलटे फासे म्हणायचे. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना विसरणे शक्य नाही. खडी फोडायला, नालाबांधाला, तलावाच्या कामाला माणसे लोटली. वि. स. पागे यांनी आखलेली रोजगार हमी योजना त्या वेळी उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मजुरी कमी होती, उशिरा मिळे, मस्टरवर गडबडी होत, सगळे खरे. पण एक फरक होता. इथे आधी उचल नव्हती. काम आधी, पैसा मागून. म्हणून कामाला आलेला माणूस कुणाच्या बाकीत नव्हता. आमच्याकडचे एक म्हातारे सांगत, "हजेरीवर गेलो तवा मालकाला पहिल्यांदा 'औंदा साल धरत न्हाई' म्हणालो." या एका वाक्यात त्या योजनेचा मला वाटणारा सगळा इतिहास आला. त्याच सुमारास, १९७६ साली, वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला. कर्जापायी राबवून घेणे गुन्हा ठरला, आणि त्या कर्जाची फेड करण्याचे बंधनही गेले. असा माणूस आढळला तर जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

सालगडी कमी झाले. पण साल गेले आणि उचल आली. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दसरा उलटला की गाड्या भरून माणसे निघतात. म्हणून विद्यार्थ्याला म्हणालो, आधी वही काढ. त्याच्याजवळ वही नव्हती. आमच्या मुलाची अर्धी कोरी वही दिली.

पहिला हिशेब उचलीचा मांडला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये ठरला. लाखाला ३६६ ने भागा. २७३ टन होतात. नवरा-बायकोच्या एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडले, तर १३७ दिवस. एकही खाडा नाही, पाऊस नाही, ताप नाही. हंगाम चार महिन्यांचा धरला तर दिवस १२० च. शिवाय आठवड्याची खर्ची त्यातूनच. म्हणजे लाख घेतानाच ठरले की पट्टा पडताना अंगावर बाकी राहणार. उलट साठ हजार घेतले, तर १६४ टन, म्हणजे ८२ दिवस. पुढचे दिवस स्वतःचे. "उचलीला व्याज नसतंय सर," असे तो म्हणाला. मी म्हणालो, व्याज आहे, फक्त वेगळ्या नावाने आहे. जो आगाऊ घेतो त्याला दर विचारता येत नाही, वजन विचारता येत नाही, आणि बायको आजारी पडली तरी घरी जाता येत नाही.

दुसरा हिशेब गावातल्या देण्याचा. वडिलांच्या दवाखान्यासाठी एकाकडून वीस हजार घेतलेले, शेकडा पाचने. आपल्याकडे 'शेकडा पाच' म्हणतात ते महिन्याचे असते, हे लक्षात ठेवा. सालाला साठ झाले. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सरकारने जे दर ठरवले ते शेतकऱ्याला तारणावर सालाला ९ आणि विनातारण १२, इतरांना १५ आणि १८. कुठे अठरा आणि कुठे साठ! चक्रवाढ व्याज त्या कायद्याला मंजूर नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपल्या जुन्या शास्त्रातला दामदुपटीचा नियम तो हाच. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे; परवाना आहे की नाही ते तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे कळते. सावकारीत जमीन लिहून घेतलेली असेल, तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा निबंधकाकडे करता येते.

विद्यार्थी दर महिन्याला हजार रुपये नेऊन देत होता आणि समजत होता की कर्ज फिटते आहे. वीस हजारांचे महिन्याचे व्याजच हजार. असा जन्मभर देत राहिला तरी मुद्दलाला धक्का लागणार नाही. तेच महिन्याला दीड हजार दिले तर तेवीस महिन्यांत कर्ज संपते. दोन हजार दिले तर पंधरा महिन्यांत. वरचे पाचशे रुपये काय करतात पाहा! गुरुजनहो, सातवीच्या मुलांना व्याजाची गणिते शिकवता, त्यात एकदा हे उदाहरण घाला. आमच्या वर्गात १८५३ च्या तहाची तारीख सांगणारी मुले पुष्कळ होती. हाही त्यांतलाच एक.

तिसरी गोष्ट त्यालाच सुचली. त्याची आई बचत गटात आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आपण विसरलेलो नाही. सास्तूरकडची गावे क्षणात मातीला मिळाली. त्यानंतर घरे बांधता बांधता उमरगा-लोहाऱ्याकडच्या बायका एकत्र आल्या, आणि नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केलेल्या बचत गटांच्या कामाला या जिल्ह्यात जोर आला तो तेव्हापासून. त्याच्या आईच्या गटात कर्जाला शेकडा दोन पडतात, आणि ते व्याजही गटातच राहते. वीस हजार गटाचे घेऊन शेकडा पाचवाल्याचे तोंड बंद केले आणि गटाला दीड हजार महिना दिले, तर सोळा महिन्यांत मोकळा. मात्र एक इशारा त्याला दिला, तुम्हालाही देतो. गटाचे कर्ज घेऊन जुने फेडायचे आणि जुन्या दारात पुन्हा जायचे, असे केले तर एकाऐवजी दोन सावकार होतात. अशी घरे मी पाहिली आहेत.

राहिली मुकादमाची गेल्या सालची बाकी. मुकादम म्हणे अठरा हजार. मी म्हणालो, १८७९ चा कायदा आठव; बाकी विचारू नको, हिशेब विचार. पहिल्यापासून. उचल किती, टन किती, खर्ची किती, खाडे किती. मोठ्याने भांडू नको, चार माणसांत बसून विचार. तो गेला आणि मला काळजी लागून राहिली. सल्ला देणे सोपे. तोडणीला न्यायचे की नाही हे ठरवणारा मुकादम. माझ्या आजोबांचे वाक्य मला त्या रात्री आठवत होते.

आठ दिवसांनी फोन आला. भावकीतल्या दोन जाणत्या माणसांना घेऊन तो बसला होता. खाडे दुप्पट धरलेले निघाले, आणि एका आठवड्याची खर्ची दोनदा लिहिलेली. अठराचे अकरा हजार झाले. मुकादम दोन दिवस बोलला नाही, मग साठ हजारांच्या उचलीला तयार झाला, कारण टोळीला माणसे त्यालाही लागतातच. पत्नीच्या अंगावरची पोत तेवढी या वर्षी सोडवता येणार नाही, असे तो म्हणाला. ती पुढच्या हंगामावर गेली.

दिवाळीनंतर त्याने थळावरून वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. तारीख, गाडी, पावतीचा नंबर, टन, खर्ची, असे पाच रकाने. अक्षर त्याचे नव्हते. विचारले तर म्हणाला, "मालकीणबाई लिवत्यात, सर. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरंय, आन ती इसरत न्हाई."